पंचवीस तलंगा आणि तीन नर: कोंबड्या वाटणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
परसातल्या कोंबडीपालनाची योजना आमच्या भागात राबवणारे सगळे अधिकारी, आणि त्यांना पक्षी पुरवणारे पुरवठादार

साहेब, नमस्कार जी.

मी पशुसखी आहे. शेळ्यांना जंताचं औषध पाजणं, कोंबड्यांच्या डोळ्यात लसीचा थेंब टाकणं, कोणाची गाय माजावर आली तर डॉक्टरांना फोन लावणं, हे माझं काम. गाव वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणाची खुर्ची हलावी म्हणून हे पत्र नाही, आणि पुढच्या यादीतून आपलं नाव गळेल अशी आमच्या बायकांना धास्ती आहे. मीही त्यांच्यातलीच.

गणपती उठले आणि दोन दिवसांनी तुमच्या कार्यालयातून एक यादी आली. मार्चमध्ये ज्या अकरा घरांना पक्ष्यांचे गट मिळाले, त्यांची. आठ नावांपुढे एकच शेरा: ‘संगोपन असमाधानकारक. अंडी देणाऱ्या पक्ष्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी.’ अशा घरांना पुढच्या टप्प्यातलं खाद्य आणि खुराड्याचं अनुदान मिळणार नाही, असं खाली लिहिलं होतं. मी यादी वाचून दाखवली तेव्हा आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, “काऊन जी बाई, माह्या मुर्ग्यानं अंडा नाई देल्ला, त्यात माही का चूक?”

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिच्या घरी जगलेल्या पक्ष्यांत सतरा नर आणि सहा माद्या निघाल्या होत्या.

तुमचा कागद काय म्हणतो ते आधी सांगते, कारण त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका गटात २८ पक्षी, वय आठ ते दहा आठवडे, त्यात २५ माद्या आणि ३ नर. हे ज्यानं लिहिलं त्याला कोंबडी कळते. एका नरामागे आठ-दहा माद्या असल्या की अंडी फळतात, नर आपसात मरेस्तोवर भांडत नाहीत आणि दाणाही वाया जात नाही. आठ-दहा आठवड्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली मादी, हा जगण्या-मरण्याच्या पहिल्या संकटातून सुटलेला पक्षी. तिला दिव्याची ऊब लागत नाही, ती मांजरापासून पळू शकते, आणि मुख्य म्हणजे त्या वयात ती तलंग आहे की नर हे सांगता येतं. कागद असा नेटका. त्या कागदासोबत टेम्पोतून जे उतरलं, त्याबद्दल हे पत्र आहे.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. निधी परत जाऊ नये म्हणून सगळी वाटपं त्याच आठवड्यात होतात, हे आता आम्हालाही पाठ झालं आहे. दुपारी दोन वाजता ग्रामपंचायतीसमोर जाळीच्या क्रेटा उतरल्या. आधी सह्या, मग पक्षी. मी दहा पिल्लं उचलून राशन दुकानाच्या काट्यावर ठेवली. अडीच किलो भरली, म्हणजे एक पिल्लू पाव किलोचं. डोक्यावर आणि मानेवर अजून पिवळट लव होती, बऱ्याच जणांना शेपूट नव्हतं. साहेब, सुधारित जातीचं आठ आठवड्यांचं पिल्लू असं नसतं. ती जेमतेम चार आठवड्यांची होती.

टेम्पोसोबत आलेल्या साहेबांना मी विचारलं, यात नर कोणते आणि माद्या कोणत्या? ते म्हणाले, “बाई, लिंगनिदान गुन्हा आहे, ठाऊक नाही का?” सगळे खदखदून हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू, विनोद चांगला होता. पण १९९४ चा तो कायदा माणसाच्या गर्भासाठी आहे जी. कोंबडीच्या पिल्लाचं लिंग सांगायला कोणी अडवलेलं नाही. उलट तुम्ही ते कागदावर सांगून, त्याखाली आमचा अंगठा घेऊन मोकळे झाला होता.

आता थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘पिल्लू लहान असताना कोणालाच सांगता येत नाही’ असं उत्तर मला कार्यालयात दोनदा मिळालं. ते अर्धंच खरं आहे. लहान असताना मला सांगता येत नाही. ज्यांनी ती उबवली त्यांना सांगता येतं.

अंड्यातून बाहेर आल्या दिवशी पिल्लाचं बूड हलकेच दाबून, उलगडून आतला बारीकसा उंचवटा बघायची पद्धत आहे. मासुई आणि हाशिमोतो या जपानी संशोधकांनी १९२०च्या दशकात ती बसवली. शिकलेला माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं वेगळी करतो आणि क्वचितच चुकतो. हे घरी करायचं काम नव्हे. नवख्या हाताखाली पिल्लाची आतडी दुखावतात, म्हणून मी गावात कोणालाही ते करू देत नाही. दुसरी पद्धत पंखाची. बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची असं जोडलं, तर पहिल्या एक-दोन दिवसांत मादी पिल्लाच्या पंखाची मोठी पिसं वरच्या पिसांपेक्षा ठळक लांब दिसतात. नराची सारखी असतात किंवा आखूड. तिसरी रंगाची. सोनेरी नर आणि रुपेरी मादी अशी जोडी लावली तर पिल्लांचा रंगच सांगतो. पंख आणि रंग मात्र मुद्दाम तसे जोडलेल्या वाणातच बोलतात. कोणत्याही पिल्लाचा पंख पसरून ‘ही मादी’ म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे किंवा स्वतः फसला आहे.

तिन्ही पद्धती एक-दोन दिवसांत संपतात. त्यानंतर एक आंधळा काळ येतो. तिसऱ्या दिवसापासून साधारण पाचव्या आठवड्यापर्यंत सगळे अंदाजच. नेमक्या त्या काळात तुमचा टेम्पो आमच्या दारात उभा राहिला.

गावात अंदाज काय कमी आहेत? टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी. पिल्लू पाय धरून उलटं लटकवलं आणि त्यानं डोकं वर उचललं तर नर. दोऱ्याला सुई बांधून पिल्लावर धरली आणि ती गोल फिरली तर मादी. माझ्या सासूबाईंचा सुईवर भारी विश्वास. मी त्यांच्याकडून वीस पिल्लं तपासून घेतली आणि पायात रंगीत दोरे बांधले. जूनमध्ये बघितलं तर दहा बरोबर, दहा चूक. त्या म्हणाल्या, दोरा चुकीचा होता.

मी बघते ते असं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास नराचा तुरा गुलाबी होऊन वर येऊ लागतो, मादीचा फिका आणि बसका राहतो. नराचे पाय जाड. मादीचं शेपूट आधी येतं, नराची पाठ आणि खांदे बरेच दिवस उघडे दिसतात. कडकनाथसारख्या काळ्या पक्ष्यात तुऱ्याचा रंग कामाचा नाही, त्याचा आकारच बघावा लागतो. खात्री होते ती बाराव्या आठवड्यापुढे, मानेच्या आणि शेपटाच्या मुळाशी असलेल्या पिसांवरून: नराची टोकदार आणि चकाकती, मादीची गोलसर. छाती काढून भांडतो म्हणून नर, हे धरू नका. तलंगाही भांडतात.

जूनच्या मध्यावर, परे (धानाची रोपं) टाकायच्या आधी, मी वही घेऊन अकराही घरं फिरले. ३०८ पक्षी आले होते. ४१ तोवर मेले होते. उरलेल्या २६७ मध्ये १३९ नर आणि १२८ माद्या.

कागदाप्रमाणे अकरा घरांत २७५ माद्या आणि ३३ नर यायला हवे होते. निसर्ग अर्धे-अर्धेच देतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण आकडा असा जवळजवळ मधोमध पडला याचा अर्थ कोणी चुकून जास्त नर दिले असा होत नाही. कोणी बघितलंच नव्हतं, असा होतो. घमेलं भरून मिसळलेली पिल्लं उचलली आणि कागदावर तलंगा लिहिल्या. लाभार्थी हिश्श्याचे पैसे मात्र आमच्याकडून तलंगांच्या भावानं घेतले.

आणि त्या शेऱ्याचं वय बघा. कागदाप्रमाणे ही पाखरं जानेवारीतली, म्हणजे आज आठ महिन्यांची. मग अंडी कुठं आहेत, हा तुमचा प्रश्न बरोबर वाटतो. खरी ती फेब्रुवारीच्या अखेरची. या जातींची कोंबडी साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते. माझ्याकडच्या माद्या आत्ता कुठं जागा शोधत खुराड्यात घुटमळू लागल्या आहेत. म्हणजे आधी वयाची नोंद खोटी, मग त्या नोंदीवरून आम्ही नापास.

लसीबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवशीची मरेक्सची, पहिल्या आठवड्यातली मानमोडीची, दुसऱ्या आठवड्यातली गंबोरोची, या लसी झाल्या की नाही हे सांगणारं कार्ड एकाही गटासोबत नव्हतं. मी माझ्या हिशोबानं पुन्हा लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, दिली. पुढे देवीची लस टोचली. मेलेल्या ४१ पैकी बहुतेक मानमोडीनं नाही, उन्हानं आणि मुंगसानं मेले.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पाव किलोचं पिल्लू टिनाच्या छपराखाली त्या उन्हात ठेवायचं, आणि बाई तेंदूपत्ता तोडायला पहाटेच रानात गेलेली. मार्चमध्ये वाटप करणाऱ्यानं एकदा एप्रिलमध्ये येऊन बघावं. आणि मार्चचा दुसरा तोटा तुमच्या लक्षात आला नसेल, कारण तो कोंबडा विकणाऱ्यालाच कळतो. फेब्रुवारीचा नर विकण्याजोगा होतो आखाडात. आखाडात मागणी असते खरी, पण सगळ्या गावाचे नर एकाच वेळी बाजारात आले की भाव पडतो. लगेच श्रावण लागतो. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. दिवाळीपर्यंत कोंबड्याकडे कोणी बघत नाही, दाणा मात्र तो रोज खातो. आमच्या झाडीपट्टीत कोंबड्याचा खरा हंगाम मंडईचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, घरी पाहुण्यांची रीघ लागते आणि गावरान कोंबडा मागेल त्या भावानं जातो. धानाची रोवणी (लावणी) आटोपल्यावर, पोळ्याच्या आधी, दीड-दोन महिन्यांचे पक्षी मिळाले तर उन्हाची भीती नाही, बाई घरी असते आणि नर मंडईला तयार होतात. ओलीत रक्ती हगवण लागते, ते मला ठाऊक आहे. त्याला खाली धानाचं कोरडं तूस आणि वेळेवर औषध पुरतं. हे कॅलेंडर कोणत्या फाइलीत नसेल. आमच्याकडं प्रत्येक पोरीला ते पाठ असतं.

आता त्या १३९ नरांचं काय झालं ते ऐका. तुमच्या यादीत त्यासाठी रकाना नाही.

प्रत्येक घरात दोन-तीन ठेवले. बरेचसे आखाडात पडत्या भावानं गेले. उरलेल्यांनी खुराड्यात एकमेकांचे तुरे फोडले, माद्यांच्या पाठी उघड्या केल्या. मग मी घरं शोधायला निघाले. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत गावठी कोंबड्या आहेत आणि कोंबडा एकच, तोही त्यांचाच भाऊ नाहीतर बाप. अशा घरांना मी नर दिले. कोणी बदल्यात पायलीभर कनकी दिली, कोणी त्यांचा म्हातारा कोंबडा दिला, एकीनं नुसता चहा पाजला. सुधारित जातीची कोंबडी सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, गावठी बसते; तेव्हा आमचा नर आणि त्यांची खुडूक कोंबडी ही सोयरीक दोघांच्याही फायद्याची. एकतीस नरांना अशी घरं मिळाली. एकदा एसटीत डालं घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं काय आहे, मी म्हटलं भाजी. दुसऱ्या थांब्यावर भाजी आरवली.

दोन नरांचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. ‘नवसाला पाहिजे’ म्हणून एका माणसानं दुप्पट भाव दिला. मी विकले. पंधरा दिवसांनी कळलं की सागवानाच्या रानात भरणाऱ्या कोंबडबाजारात पायाला काती बांधून ते लढवले गेले. कोंबडे लढवायला १९६०च्या कायद्यानं बंदी आहे, हे मीच बायकांना सभेत सांगत असते. भाव दुप्पट का, हे मी विचारायला हवं होतं. दाणा संपला होता, नाही विचारलं.

आमच्या आठवडी बाजारात गुलाबी आणि हिरवी रंगवलेली पिल्लं टोपलीत विकायला येतात, तुम्हीही बघितली असतील. पोट्टे हट्ट करून घेतात, आठ दिवसांत ती मरतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात, उबवणी केंद्राला नको असलेली. म्हणजे नर कोणता हे पहिल्याच दिवशी ओळखणारी माणसं आपल्या देशात आहेत, आणि पिल्लं फेकायची असली की ती बरोबर ओळखतात. बाईच्या हातात द्यायची असली की सगळ्यांची नजर मंद होते. जर्मनीत २०२२ पासून अशी नर पिल्लं मारायला बंदी आली. मी तेवढं मोठं मागत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो शेरा. आमच्या सासूबाई यादी ऐकून म्हणाल्या, “आमच्या वेळेस पोट्टी झाली का बाईले बोल, आता मुर्गा निंगाला का बाईलेच बोल.” माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, तरी बोल आईनं खाल्ला. कोंबड्यांत मात्र खरंच आईकडून ठरतं: कोंबडीकडं झेड आणि डब्ल्यू अशी दोन गुणसूत्रं, कोंबड्याकडं दोन्ही झेड. पण साहेब, ती आईसुद्धा आमच्या खुराड्यातली नव्हती. अंडं आमचं नाही, उबवणं आमचं नाही, निवड आमची नाही, वयाची नोंद आमची नाही. आमच्या हाती आला तो फक्त शेरा.

आणि नर म्हणजे तोटाच, असंही मी म्हणत नाही. ज्या घरी औषधपाण्याला किंवा पोरांच्या वह्यापुस्तकांना एकदम पैसा लागतो त्या बाईला पंधरा नर बरेच वाटतील. ज्या घरी लहान पोरं आहेत तिला रोजची चार अंडी हवीत. विचारून तर बघा. आजवर आम्हाला आधार कार्ड विचारलं, जातीचा दाखला विचारला, नर हवेत की माद्या हे कोणी विचारलं नाही.

म्हणून मागण्या सरळ लिहिते.

आठ घरांपुढचा शेरा खोडा, आणि तसं लेखी कळवा.

तलंगांचा गट कागदावर असेल तर पक्षी खरोखर आठ आठवड्यांच्या वरचे द्या. वाटपाच्या जागी दहा पक्षी काट्यावर ठेवा, तुरा आणि पिसं बघा, मग सह्या घ्या. पशुसखीला मोजणीला उभं करा. तिला वेगळं मानधन नको, तिची सही तेवढी घ्या.

मिसळलेली पिल्लंच द्यायची असतील तर तसं लिहा आणि हिस्सा त्या भावानं घ्या. ठरल्यापेक्षा जास्त नर निघाले तर पुरवठादारानं चौदाव्या आठवड्यापर्यंत ते बदलून द्यावेत, हे करारात घाला. यंदा जे जादा नर आले त्यांच्या हिश्श्यातला फरक बायकांच्या खात्यात परत जमा करा.

प्रत्येक गटासोबत लसीचं कार्ड आणि अंडं फुटल्याची तारीख.

वाटप पोळ्याच्या आधी. मार्चमध्ये नको.

आमचं प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर झालं, पक्षी कोणी हातात दिला नाही. पशुवैद्यकीय विद्यापीठ आपल्या विदर्भात, नागपुरातच आहे. तालुक्यातल्या दहा पशुसखींना तीन दिवस तिथं पाठवा. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख कसा बघायचा आणि कोणत्या वाणात तो बघण्यात अर्थच नाही, हे आम्हाला शिकलेल्या माणसाच्या हातून बघायचं आहे.

उत्तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवलं तरी चालेल. आमच्या गटाची बैठक दर मंगळवारी असते, तुम्ही आलात तर जास्त बरं. खुराडी दाखवते, वही दाखवते.

आपली,
एक पशुसखी

ता. क. माझ्या अंगणात अजून नऊ नर आहेत. चार तांबडे, तीन काबरे, दोन काळे. मानमोडीची आणि देवीची लस झालेली आहे. मंडईपर्यंत मी त्यांना सांभाळीन, पण ज्यांच्याकडं आठ-दहा कोंबड्या आहेत आणि कोंबडा नाही, त्यांनी आधी यावं. दोन काळे एकाच घरी देणार नाही, भांडतात. भाव दुप्पट सांगणाऱ्यांनी येऊ नये.